काट्यांना पाढे शिकवणारे बक्षीसर

मुकुंदराव बक्षी यांना मी प्रथम पाहिले ते सांवेर रोडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये. डिप्लोमा घेऊन नोकरी मागायला गेले होते. कापडाची मिल बंद पडल्यावर तिथल्या विद्युत विभागातल्या या सुपरवायझरांनी जुन्या सोबत्यांना घेऊन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायला सुरुवात केली होती. सरांनी विचारले, "फर्मवेअर म्हणजे काय?" मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली.

"आता हेच मिलमध्ये माग चालवलेल्या आमच्या शंकरदादांना समजेल असं सांगा."

मी तीच व्याख्या पुन्हा सुरू केली. मग सरच म्हणाले, "पाढे. लाइट गेली की काटा समोरचं वजन विसरतो, पण तोलायचं कसं हे चिपमध्ये पक्कं असतं, लहानपणी घोकलेल्या पाढ्यांसारखं. ते नसले तर काटा म्हणजे खाली डब्बा."

मला नोकरी मिळाली, आणि तेव्हापासून आमच्याकडे "पाढे भरले का?" असेच विचारले जाई.

सर खरे कळले ते पहिल्या मोठ्या ऑर्डरीच्या वेळी. बाजार खुला झाला होता, बाहेरचे चकचकीत काटे दुकानांत आले होते. ही ऑर्डर हुकली असती तर शेडला कुलूप लागून मिलच्या माणसांवर दुसऱ्यांदा घरी बसायची पाळी आली असती. दसरा झाला, सर्किट बोर्ड काट्यांत बसवले, बटण दाबले, तर एकाही काट्यावर आकडा उमटेना. सरांनी काटा उघडला. चिपच्या इवल्याशा काचेवर आम्ही चिकटवलेली काळी पट्टी गायब होती.

"मीच काढल्या पट्ट्या, भिया," शंकरदादा रडवेले होऊन म्हणाले. "नवरात्रात देवापुढे काळं कशाला, म्हणून. पूजेला ओसरीत ओळीनं मांडले होते सगळे बोर्ड."

नवरात्रभर उघड्या काचेतून आत शिरलेल्या ओसरीतल्या उन्हाने चिपमधले सारे पाढे पुसून टाकले होते.

सर रागावले नाहीत. "दादा, टेन्शन मत लो. ती पट्टी म्हणजे बाळाची तीट, उन्हाची दृष्ट लागू नये म्हणून. परत शिकवू पाढे." माल उशिरा गेला. ग्राहकाला सरांनी सांगितले, "चूक माझी. पट्टी लावायला सांगितली, कशासाठी ते नाही सांगितलं." ऑर्डर टिकली आणि शेडही टिकली. आजही मला त्याचा फार आनंद वाटतो.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. सत्काराला कुंकवाचा टिळा सारेच लावतील. शंकरदादांनी मात्र मला बजावले आहे, "काजळाची डबी आण, बेटा. इतके लोक बघणार. यंदा पट्टी मी लावणार."