विमानवाल्या बाईचा रांजण

बोरखेडीच्या फाट्यावर बस थांबते तिथं समोरच कवडूची चहाची टपरी आहे. टपरीच्या मागून एक पांदण निघते. दोन्ही बाजूंना कापसा-तुरीची वावरं आणि मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. गावात जायला पूर्वी हाच जवळचा रस्ता होता. ब्याण्णव सालच्या वैशाखानंतर लोक लांबच्या डांबरी रस्त्यानं जाऊ लागले आणि पांदणीत बाभळी माजल्या. तिथून रोज ये-जा करणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे जयवंता.

जयवंता ही कवडूची थोरली भावजय. लग्नाला सहा वर्षं होत नाहीत तोच नवरा साप चावून गेला. मूलबाळ झालं नव्हतं. दिरानं संसार वेगळा थाटला तशी ती गावाच्या कडेला एका खोलीत राहू लागली. दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं, कापूस वेचायचा, आल्यावर दोन भाकरी थापायच्या. कुणाशी भांडण नाही आणि कुणाशी फार बोलणंही नाही. गावानं तिच्याबद्दल काही सांगावं असं तिच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं.

त्या दिवशी ती पांदणीलगतच्या प्रभाकररावांच्या वावरात चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करत होती. दुपारचे बारा वाजून गेलेले. आवाजाच्या आधी सावली आली. एवढी मोठी सावली वावरावरून सरकताना तिनं कधी पाहिली नव्हती. मान वर करेपर्यंत सगळं कानात फुटलं आणि पायांखालची जमीन हादरली. विमान नागपूरकडे निघालं होतं आणि त्यात पन्नासच्या वर माणसं होती, हे तिला नंतर कळलं. का पडलं, ते कधीच कळलं नाही.

धुरातून ती निंबाच्या झाडाशी आली. झाडाची अर्धी बाजू पेटली होती. उरलेल्या अर्ध्या सावलीत पंचविशीचा एक मुलगा पडला होता. छातीवरचा सदरा जळून कातडीला चिकटलेला, पण उजवा हात मनगटापासून खाली जसाच्या तसा. तो म्हणाला, "पानी."

जयवंताजवळ भरलेली लोटी होती. ती गुडघ्यावर बसली, लोटी त्याच्या तोंडाजवळ नेली आणि थांबली. खूप वर्षांपूर्वी तिची नणंद स्टोव्हनं भाजली होती. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी पाण्याचा गिलास जयवंताच्या हातातून हिसकला होता. "जळाल्या माणसाले पाणी पाजू नाई व! पाणी पेलं का जीव जाते." आसपासच्या दहा गावांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही होतं. तिनं लोटी पाठीमागं नेली.

त्यानं आणखी एकदा मागितलं. तिसऱ्यांदा शब्द फुटला नाही. तो नुसता तिच्या पाठीमागं, लोटीच्या दिशेनं बघत राहिला.

"थांब बापू," ती त्याचा चांगला हात धरून म्हणाली, "डाक्टर येऊन राह्यला. थोडं थांब."

तो थांबला नाही. तासाभरानं गाड्या आल्या. एका तरुण डॉक्टरनं मुलाची नाडी पाहिली, मग तिच्या मांडीशी असलेल्या लोटीकडे पाहिलं. "जवळ पाणी होतं ना बाई? दोन घोट तरी पाजायचे." एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला. त्याला पन्नास माणसं पाहायची होती, त्यामुळं तो हे वाक्य संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. जयवंताजवळ ते राहून गेलं.

तेराव्या दिवशी तिनं तळेगावच्या बाजारातून एक रांजण आणला. अर्धवट जळालेल्या निंबाखाली खड्डा करून तो अर्धा पुरला, वर लाकडी झाकण ठेवलं आणि झाकणावर तीच लोटी. प्रभाकररावांनी ते वावर पडीत टाकलं होतं. विहिरीचं पाणी तेवढं चांगलं होतं. रोज भर दुपारी बारा वाजता ती दोन घागरी ओढून रांजणात ओतू लागली. वैशाखात पाणपोई घालायची रीत जुनीच, म्हणून कुणी विचारलं नाही. पावसाळा आला तरी तिची पाणपोई चालूच राहिली, तेव्हाही कुणी विचारलं नाही.

ओतायच्या आधी ती रांजणात हात घालून बोटानं मोजायची, मग शिळं पाणी लोटीनं उपसून निंबाला घालायची. कडेच्या खाली रोज एकच बोट पाणी उतरलेलं असायचं. मातीचं भांडं तेवढं स्वतःच पाझरतं. एका लोटीला एका बोटाहून जास्त पाणी उतरतं, हे तिनं पहिल्याच दिवशी करून पाहिलं होतं. म्हणजे कुणी प्यालं असतं, तर बोटाला ते कळलंच असतं.

कधीतरी एखादा मेंढपाळ, एखादा वाट चुकलेला सायकलवाला पांदणीत दिसायचा. ती हाक द्यायची, "पाणी घ्या बापू! थंडं हाय!" माणूस वळून बघायचा आणि लगेच जोरात पॅडल मारायचा. तिला वाटायचं, घाईत असतील.

अशी सात वर्षं गेली.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती डोळे दाखवायला आर्वीला गेली होती. परतीच्या बसमध्ये शेजारी एक चाळिशीची बाई बसली, तळेगावची. खारे दाणे पुढं करत तिनं विचारलं, "मावशी, कुठं उतरता?"

"बोरखेडीचा फाटा."

"अवो बाई! मंग तुमाले ठाऊकच असन."

"काय?"

"विमानवाली! तुमच्याच गावची गोष्ट अन् तुमाले ठाऊक नाई?" बाई सरसावून बसली. "विमानातली होती थे. गोरीपान. पांढऱ्या कपड्यात निंबाखाली उभी राह्यते, भर दुपारी. डोक्यावर घागर. अन् पाय जमिनीले टेकतच नाई. खालून नुसतं पाण्यासारखं हालते म्हणते. जाणाऱ्याले आवाज देते, 'पानी लीजिए, पानी लीजिए.'"

"हिंदीत?"

"मंग काय! विमानातल्या बाया का आपल्यासारख्या बोलतेत?"

"अन् कोणी पेलं तं?"

"आठ दिवसांत आगीनं मरते माणूस. एक ट्रकवाला पेला होता. त्याचा ट्रकच पेटला, अमरावतीच्या अलीकडं."

जयवंतानं हातातले दाणे पदरात टाकले. "थे बाई म्हातारी हाय का जवान?"

"काय बोलता मावशी! भुतं कुठं म्हातारी होतेत का?" बाई एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. "फाट्यावर चहावाला हाय ना, त्यानं लय वेळा पाह्यली. त्याले इचारा, रंगवून सांगते."

जयवंतानं आपल्या पांढऱ्या लुगड्याचा सोगा गुडघ्यांजवळ गोळा केला आणि फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. रस्त्यावर लांब झळा उठल्या होत्या. समोरून येणाऱ्या बैलांचे पाय त्या झळांत दिसत नव्हते. नुसती धडं तरंगत येत होती.

टपरीवर तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. कवडू गाळणी झटकत होता.

"कवडू, विमानवाली कोन हाय रे?"

त्याचा हात थांबला. "कोनं सांगतलं तुमाले?"

"बसमधल्या बाईनं. म्हणे चहावाल्याले इचारा."

कवडूनं इकडंतिकडं पाहिलं. मग बाकडं पुसायला लागला. "वैनी, पह्यले मी खरंच सांगत होतो. का बापा, माही वैनी हाय, पाणी ठेवते. तं लोकं 'बरं' म्हणत अन् चालले जात. एक दिवस गंमत म्हणून भूत सांगतलं. तवापासून मोटरी थांबून राह्यल्या. ट्रकवालं तं मी बोललोच नाई, थे कोनं जोडलं कोनास ठाऊक. तुमचं काय गेलं त्याच्यात?"

"माह्या पाण्याले कोनी हात नाई लावत."

"तुमी बी नेमक्या बाराले जाता. भुताचाच टाइम थो. सकायी जात जा ना."

"थो बाराले पडला होता."

"कोन थो?"

ती बाकड्यावर बसली. त्यानं तिच्यासमोर कपभर चहा ठेवला. चहावर साय धरली तरी तिनं हात लावला नाही. मग ती उठून पांदणीनं निघून गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती तळेगावला श्रावणच्या कापडदुकानात गेली आणि म्हणाली, "लाल दाखव. फुलाफुलाचं."

"नातीसाठी का आजी?"

"माह्यासाठी."

श्रावणनं तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि गठ्ठा सोडला. ते लुगडं नेसून ती गावच्या विहिरीवर गेली तेव्हा बाया धुणं थांबवून पाहू लागल्या. "काय व जयवंता, कोनं मागणं घातलं?" "घातलंच असन! साठीत नखरे सुचून राह्यले." कवडूची बायको तर दारातच म्हणाली, "आमाले तोंड दाखवाले जागा ठेवजो, एवढं करजो." पन्नास वर्षांत तिच्याबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. लाल लुगड्यातली म्हातारी पाहून तरी कुणाला भूत वाटणार नाही, असा तिचा हिशेब होता.

दोन महिन्यांनी विहिरीवरच कुणीतरी सांगितलं, की विमानवाली आता लाल नेसू लागली आहे. म्हणजे तिचं लग्न ठरलं होतं, हळद लागायच्या आधीच गेली बिचारी. आता पाण्याबरोबर ती नवराही मागते म्हणे. तेव्हापासून उरलेसुरले सायकलवालेही जायचे बंद झाले.

जयवंतानं ते लुगडं टाकलं नाही. नेसतच राहिली. धुवून धुवून ते इतकं विटलं की लांबून पुन्हा पांढरं दिसू लागलं. रांजण रोज एक बोट उतरत राहिला.

दोन हजार चारच्या वैशाखात एका दुपारी पांदणीत पावलं वाजली. जयवंता नुकतीच दुसरी घागर ओतत होती. पाहते तर कवडू, आणि त्याच्या मागं चष्मा लावलेली, पर्स छातीशी धरलेली एक बाई. एवढ्या वर्षांत कवडू पहिल्यांदाच इथवर आला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वैनी, ह्या सुनीतीबाई. नागपूरच्या. ह्यायचे साहेब होते विमानात." मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्या ह्यायलेच गोष्ट सांगतली व. अर्धी झाल्यावर बोलल्या, माझे मिस्टर होते."

सुनीतीबाई निंबाच्या जळक्या बाजूकडे पाहत होत्या. तिथं अजून पालवी फुटत नव्हती. "मी रिटायर झाले गेल्या महिन्यात," त्या म्हणाल्या. "ऑफिस होतं तोवर यायची हिंमत झाली नाही. तुम्ही होतात का हो तेव्हा इथं?"

"होती."

"नरहर नाव त्यांचं. पन्नाशीचे होते, डोक्यावर टक्कल, आणि पांढरा शर्ट. कुणी दिसलं होतं का तुम्हाला तसं? काही बोलले का?"

तो मुलगा पंचवीसचा होता आणि त्याला दाट केस होते. जयवंतानं मान हलवली. "मले एकच दिसला, बाई. थो तुमचा नोयता. पोरगा होता."

एवढं बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. सुनीतीबाईंनी पुढं काही विचारलं नव्हतं. पण बारा वर्षांत तिला त्या माणसाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता तोंड उघडलं तर ते मिटेना. मुलगा, लोटी, नणंद, पाठीमागं नेलेला हात, तिसऱ्यांदा नुसतं बघणं आणि डॉक्टरचं वाक्य. सगळं तिनं रांजणाकडे बघत सांगितलं. कवडू वावराच्या धुऱ्यावर खाली बसला.

"पाणी होतं माह्याजवळ," ती शेवटी म्हणाली. "देल्लं नाई."

वाऱ्यानं सुकी पानं सरकली.

"त्याचा हात किती वेळ धरला होता तुम्ही?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"गाड्या येतपर्यंत."

सुनीतीबाईंनी पर्स खाली ठेवली. "ह्यांच्याजवळ कोण होतं, ते मला कळणार नाही आता," त्या म्हणाल्या आणि रुमालानं चष्मा पुसला. मग हात पुढं करून म्हणाल्या, "द्या एक लोटी. फार ऊन आहे."

जयवंतानं लोटी बुडवली. काठोकाठ भरली तशीच दोन्ही हातांनी पुढं केली. सुनीतीबाई उभ्यानंच प्याल्या, वरून, घटाघटा, दम घेत. "अजून," म्हणाल्या. दुसरी लोटीही संपवली. तिसरी भरून घेतली आणि ती कवडूपुढं धरली.

कवडू लोटीकडे पाहतच राहिला. ट्रकवाल्याची गोष्ट आपण रचलेली नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण दुसऱ्या कुणी रचली होती, हेही पक्कं ठाऊक नव्हतं. पाहुणीच्या हातचं नाकारताही येईना. त्यानं डोळे मिटले आणि प्याला.

"थंडं हाय," तो म्हणाला, जणू त्याला नवल वाटलं.

साडेतीनच्या बसनं सुनीतीबाई परत गेल्या. पत्ता दिला नाही, पुन्हा येईन असंही म्हणाल्या नाहीत. कवडूनं टपरीवर विमानवालीची गोष्ट पुढंही चालू ठेवली. मोटरी थांबत होत्या. फक्त पाणी पिऊन माणूस मरतो, हे त्यानं त्यातून काढून टाकलं, आणि कुणी ट्रकवाल्याचं काढलंच तर तो म्हणायचा, "म्या पेलो ना बापा. जित्ता हाय." लोक हसायचे. पांदणीकडे मात्र कुणी वळायचं नाही.

सुनीतीबाई गेल्या त्या संध्याकाळी जयवंता पुन्हा निंबाखाली गेली. रांजणाचं झाकण काढून तिनं हात आत घातला. कडेपासून पाण्यापर्यंत बोटं मोजली. चार भरली. खात्री करायला दुसऱ्या हातानं पुन्हा मोजली.

विहीर जवळच होती, घागरही सोबत होती. पण त्या दिवशी तिनं तो भरला नाही. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत तसाच राहू दिला.