महाडच्या बेचाळीस मुली, जन्म एक जून

सर टायपिंगला बसले की आधी दोन्ही हात रुमालाने पुसत, रुमालाची घडी करून खिशात ठेवत, आणि दोन्ही करंगळ्या आपापल्या बटणांवर टेकवून क्षणभर डोळे मिटत. मग समोरच्याकडे बघून म्हणत, "हं, सांगा. फॉर्म अडता कामा नये."

मुलांनो, तुम्ही मला फोनवर हसता. कुठल्या नव्या साइटवर गेलात असं कळलं की मी विचारते, "तिथे वय काय लिहिलंस?" तुम्हाला ती आजीची सवय वाटते. ती सवय मला एका माणसामुळे लागली. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. का ते वाचलंत की कळेल.

चवदार तळ्याजवळच्या गल्लीत, माडीवर, त्यांची टायपिंगची संस्था होती. तुमचे बाबा दहावीच्या सुट्टीत तिथेच टायपिंग शिकले. तुडील, दासगाव, पार पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून मुलं-मुली यायची. टायपिंगपेक्षाही सरांची ख्याती फॉर्म भरण्याची. रेशन कार्ड, नोकरी, पेन्शन, कुठलाही कागद असो, सरांच्या हातून गेला की परत येत नसे.

सगळ्यांची गाडी अडायची ती जन्मतारखेवर. दासगावचे एक म्हातारे आले होते, मी तेव्हा तिथेच बसले होते.

"जन्मतारीख?" सरांनी विचारलं.

"ती कुनाला ठावं? मोठा पूर आला तवा मी गुरं राखीत व्हतो."

"किती गुरं?"

"चार."

"चार गुरं राखणारा पोरगा म्हणजे दहा वर्षांचा," सर म्हणाले, आणि त्यांनी पुराचं वर्ष धरून मागे मोजलं. तारीख घातली एक जून. आपल्याकडे हे सर्रास चालतं. पूर्वी पोराला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वय धरत आणि एक जून लिहून मोकळे होत. त्या पिढीतली अर्धी माणसं एक जूनची. मार्च महिन्यात तळ्यावर लांबलांबून माणसं जमत, दमून सरांच्या जिन्यावर टेकत. सर त्यांना पाणी देत आणि हळूच जन्मतारीख विचारत. मग खिडकीतून समोर आमच्या घरी मला हाक मारत, "बाई, हे विदर्भातले. हे पण एक जूनचेच!"

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत.

शतक बदललं. टाइपरायटर मागे सरकले आणि त्या जागी सहा कॉम्प्युटर आले. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. शाळा सुटल्यावर मुली माडीवर जमू लागल्या. एका साइटचं त्यांना भारी वेड. तिथे एक खोटं गाव होतं. तुम्ही एक बाहुली व्हायचं, तिला घर घ्यायचं, चौकात जाऊन जगभरच्या बाहुल्यांशी बोलायचं. पण आत जायला फॉर्म होता. मुलींनी खरी जन्मतारीख घातली की पाटी यायची, पालकांचा ईमेल द्या.

"पोलादपूरच्या कुठल्या बापाला ईमेल आहे?" सर मला म्हणाले. "म्हणजे मुंबईच्या पोरींनी जगात जायचं आणि आमच्यांनी नाही?"

त्यांनी हात पुसले, करंगळ्या टेकवल्या आणि सगळ्या मुलींचे फॉर्म स्वतः भरले. नाव खरं, कारण फॉर्मवर खोटं नाव लिहायचं नाही हा त्यांचा नियम. गाव महाड. जन्म एक जून, आणि वर्ष असं की वय एकोणीस यावं. पासवर्ड सगळ्यांचा एकच, टायपिंगच्या पहिल्या धड्याची अक्षरं, म्हणजे कुणी विसरायला नको. बेचाळीस मुली झाल्या.

मी हसले होते. पडद्याच्या कडेला जाहिराती येत, "एकटे आहात का?", "योग्य जोडीदार शोधा", "वजन घटवा". नववीतल्या पोरींना! मी सरांना म्हटलं, "तुमच्या यंत्राला या लग्नाच्या वाटतात." तेही हसले. माझ्या डोक्यात त्यापुढे काही आलं नाही. तीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या डोक्यात यायला हवं होतं.

एक मुलगी होती. तिला आपण सुमन म्हणू. पोलादपूरच्या वरच्या अंगाची, मामाकडे राहून नववी शिकणारी. इंग्रजीसाठी माझ्याकडे येई. एका मंगळवारी तिने एक छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"बाई, याला होकार द्यायचा हाय. चांगल्या इंग्लिशमध्ये सांगा ना."

मी वाचलं. गुरुवारी दुपारी मी महाडला येतो, असं त्यात होतं. स्टँडच्या मागे पोलादपूरच्या गाड्या लागतात तिथे थांब. एकटी ये. शाळेच्या युनिफॉर्ममध्येच ये. तुझं खरं वय हे आपलं गुपित, मैत्रिणींनाही सांगू नकोस.

मी कागद परत पहिल्या ओळीपासून वाचला.

"कोण हा?"

"मित्र. सतराचा हाय. पुण्याला कॉलेजात."

"आणि तू?"

"मी चौदा. पन तिथे मी एकोणीस ना. नंतर मी त्याला खरं सांगितलं. तो रागावला पन नाय, उलट जास्त गोड बोलायला लागला."

"कुणाला सांगू नको लिहिलंय, तरी मला दाखवलंस?"

"तुम्ही बाई," ती म्हणाली. "बाईंना सांगितलं म्हनजे कुनाला सांगितलं असं नाय होत."

मग माझा चेहरा बघून ती घाबरली. "बाई, मामाला नका सांगू. तो मला उद्याच गावी धाडील. माझी शाळा संपली मग." ते खरं होतं. तिच्या थोरल्या बहिणीला यापेक्षा कितीतरी लहान गोष्टीवरून घरी बसवलं होतं आणि वर्षाच्या आत उजवून टाकलं होतं.

मी तडक माडीवर गेले. सरांनी कागद वाचला, दार लावून घेतलं. त्या साइटवर माणसं शोधायचं एक पान होतं. सरांनी त्यात भरलं: वय एकोणीस, स्त्री, महाड. बटण दाबलं. आणि आमच्या मुली खालपासून वरपर्यंत एका रांगेत उभ्या राहिल्या. खरी नावं, खरी आडनावं. जगात कुठेही बसलेल्या कुणालाही तेवढंच करायचं होतं.

सरांनी उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मुलींची पत्रं मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

त्या दिवशी आणि बुधवारी मी वाचत बसले. पासवर्ड एकच, त्यामुळे प्रत्येक दार उघडत होतं. वाक्यं तीच, स्पेलिंगच्या चुकाही त्याच: एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी पाच जणींशी बोलत होता. एकीला तो सतराचा, दुसरीला बावीसचा. तिसरीशी तो स्वतः मुलगी होऊन बोलत होता, आणि तिला त्याने शाळेची वाट विचारली होती. बाहेर रस्त्यावर कुणी मोठ्याने हसलं तरी मी दचकत होते.

"पोलिसांत जाऊ," मी म्हटलं.

"पहिला प्रश्न मुलीचं नाव. दुसरा पालक कुठे," सर म्हणाले. "बाई, अजून चौघीजणी आहेत. पाच घरांत पाच शाळा बंद होतील. फॉर्म मी भरला."

तुम्ही म्हणाल, तरी जायला हवं होतं. आज मलाही तसंच वाटतं. तेव्हा आम्ही दोन म्हातारी माणसं होतो आणि आम्हाला त्या माणसाची जेवढी भीती वाटत होती तेवढीच आपल्या गावाचीही.

बुधवारी संध्याकाळी सरांनी मला सुमनची पत्रं मोठ्याने वाचायला लावली. ते कान देऊन ऐकत होते, मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. काही वाक्यं त्यांनी माझ्याकडून परत म्हणवून घेतली. का, ते मला सांगितलं नाही.

गुरुवारी सुमनला मी आपल्या घरी बसवलं. तुमच्या आजोबांना एवढंच सांगितलं, "हिची गणितं घ्या, उठू देऊ नका." त्यांनी तिला त्रैराशिकात असं अडकवलं की बिचारी रडकुंडीला आली.

सर आणि मी तीनपासून स्टँडवर. ते पेपर वाचत एका टोकाला, मी दुसऱ्या बाकावर. पुण्याची गाडी आली. एक माणूस उतरला, पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. तो मागच्या बाजूला आला, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्याच बाकावर बसला.

"ताई," तो अदबीने म्हणाला, "इथली शाळा किती वाजता सुटते?"

"साडेचार," मी म्हटलं.

खरं उत्तर दिलं मी! एवढी वर्षं लोकांना शाळेची वेळ सांगण्यात गेली, तोंडातून निघून गेलं. त्याने घड्याळ बघितलं. पुड्याचा दोरा त्याने नीट केला. आपल्या घरी आला असता तर मी त्याला पाणी विचारलं असतं, इतका तो साधा दिसत होता.

शाळा सुटली. निळ्या युनिफॉर्ममधल्या मुलींचे घोळके स्टँडवर यायला लागले. तो उठला आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत चालायला लागला. एका मुलीपाशी थांबून त्याने विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

सर मध्ये उभे राहिले.

"सुमनची वाट बघताय?" त्यांनी विचारलं.

माणूस एक पाऊल मागे सरकला.

"सुमन मीच."

"काय बोलताय?"

"माझ्या शेळीचं नाव विचारलं होतंत ना तुम्ही? चिंगी. पावसात आमचा ओढ्यावरचा साकव वाहून गेला तेही मीच लिहिलं होतं." सरांनी खिशातून ती छापलेली रांग काढली. "ह्या बेचाळीसही मीच. बघा, सगळ्यांची जन्मतारीख एक. पासवर्डही एकच, हवा तर सांगतो. महाडात तुम्हाला एकही मुलगी भेटलेली नाही. पाची जणी मीच होतो. तुमची सगळी पत्रं छापून ठेवली आहेत. पुन्हा आलात तर ती भिंतीवर लावीन."

त्या माणसाचा रंग उतरला. पण तो हुशार होता. आजूबाजूला माणसं जमू लागली तसा त्याने आवाज चढवला. "बघा हो बघा! हा थेरडा पोरींच्या नावाने परक्या पुरुषांशी चाळे करतो! विचारा त्याला, खोटं असेल तर!"

कँटीनमधली माणसं बाहेर आली. पोरींना न्यायला आलेले दोन-चार बाप होते.

"सर, काय म्हणतोय हा?" एकाने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागले होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून.

"खरं आहे," सर म्हणाले.

तो माणूस सुटायच्या बेतातल्या गाडीत चढला. पुडा बाकावरच राहिला. गर्दी सरांभोवती उभी होती आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. "शेळी म्हने!"

त्याच संध्याकाळी सरांनी एकेक करून बेचाळीसही खाती बंद केली. मी शेजारी होते. "मी उद्या सगळ्यांना खरं सांगते," मी म्हटलं.

"काय सांगाल? मी नव्हतो, तर कोण होतं ते विचारतील. मग सुमनपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागेल?"

"पण तुमचं काय?"

"मुलगी सासरी, मी इथे एकटा माणूस, बाई. मला कोण घरी बसवणार?" ते हसायचा प्रयत्न करत होते.

आठवड्याभरात माडी ओस पडली. आधी मुली गेल्या, मग मुलगे. जिन्यावर कोळशाने घाणेरडं काहीबाही लिहिलेलं असे. सर सकाळी ओल्या फडक्याने ते पुसत. ज्यांची पेन्शन त्यांनी मिळवून दिली तेही समोरून आले तर पलीकडून जात. आपल्या घरी कुणी विषय काढला की मी स्वयंपाकघरात जाई. मला भीती वाटे, की मी तोंड उघडलं तर सगळंच बाहेर येईल. आणि आता लिहायचंच तर हेही लिहिते, मला अशीही भीती वाटे, की लोक विचारतील, बाई, तुम्ही त्यांच्याबरोबर तिथे काय करत होतात? त्या माणसाचं पुढे काय झालं कळलं नाही. तो आणखी कुठल्या गावच्या स्टँडवर उतरला असेल, हा विचार अजूनही मला भर दुपारी गाठतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी सर नाशिकला मुलीकडे जायला निघाले. काही वर्षांनी तिथेच वारले. मला कळलं तेव्हा सगळं उरकून महिना झाला होता.

ते निघाले ती सकाळ मात्र मी बघितली. गल्लीत टेंपो उभा, मागे टाइपरायटर चादरीत गुंडाळलेले. निरोपाला कुणी आलं नव्हतं. मीही खाली गेले नाही, खिडकीच्या आड उभी राहिले. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. तेवढ्यात समोरून सुमन आली, दप्तर पाठीला, दोन मैत्रिणी बरोबर. सरांशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे बघायचंही नाही, असं मीच तिला बजावलं होतं. तिने मान खाली घातली. सरांनीही तोंड दुसरीकडे वळवलं. टेंपोच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून ती अंग चोरून पुढे गेली, आणि वळणावर पोचल्यावर पळायला लागली.

घंटा व्हायची होती. त्या दिवशी ती शाळेत वेळेवर पोचली.