ऊदु करायचं

प्राणेशरावांचा श्वास म्हणजे आता त्या घरातलं तिसरं माणूस झाला होता. त्यांची बायको सीतालक्ष्मी त्याला ऐकत उठे, त्याला ऐकत स्वयंपाक करी. जन्मभर शाळेत खडू आणि घरी सिगारेटी झिजवलेल्या माणसाची फुफ्फुसं जुन्या छत्रीसारखी झाली होती. उघडत, पण नीट मिटत नसत. पुन्हा जोराचा दम लागला तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि मग परत येण्याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सीतालक्ष्मीला एवढंच भय होतं. म्हैसुरातल्या बोगादीच्या या मराठी घरातून हा माणूस जायला नको.

म्हणून नर्स वनजा येऊ लागली. तिचे मराठा पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवार चुलत्यांकडे गेली, वनजाच्या वाट्याला थोडी मराठी आली. कमी पडेल तिथे ती कन्नड जोडी. ती शाळेत असताना वडील बिड्या ओढून खोकत खोकत गेले. त्यांना कसं बसवावं, पाठीला कुठे हात लावावा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या न कळण्यातूनच ती नर्स झाली. बरीच वर्षं छातीच्या वॉर्डात काढली, आता स्कूटरवरून घरोघर जाई.

पहिल्या दिवशी तिनं प्राणेशरावांना टेबलावरच्या उशीवर पुढे झुकवून बसवलं.

"मेष्ट्रे, मास्तर, श्वास आत घ्यायची घाई नको. आतला बाहेर घालवा. ओठ शिट्टीसारखे. मेल्लगे, हळू."

"आख्खा वर्ग... गप्प केला मी," प्राणेशराव म्हणाले, "आता तू... मला."

"मग बसा की गप्प."

निघताना दारात हेल्मेट चढवत ती सीतालक्ष्मीला म्हणाली, "अम्मा, दिवेलागणीला यांचा जीव घाबरा होतो ना? तेव्हा ऊदु करायचं. रोज. चुकवू नका."

कन्नडमध्ये ऊदु म्हणजे फुंकणं. सीतालक्ष्मीला कन्नड काय येत नव्हतं? पण मराठी वाक्यात, दिवेलागणीच्या नावासोबत आलेला तो शब्द तिच्या कानात मराठीच होऊन उतरला. आजारपणाच्या धावपळीत तिचा देवापुढचा ऊद बंद पडला होता, आणि देव अर्धा उपाशी राहिल्यासारखं तिला वाटत होतं. तिनं आनंदानं धुपाटणं काढलं, निखाऱ्यांवर ऊद टाकला आणि ते त्यांच्या खुर्चीशी नेलं.

"हे... कुणी सांगितलं?"

"वनजानं."

वनजाचं नाव ऐकून ते धुरात तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांना बोलताच येईना.

फोन जाताच वनजा आली. उंबऱ्यातच तिला वास आला. तिनं धुपाटणं परसात नेलं, खिडक्या उघडल्या, तोंडाशी धरायच्या नळकांड्याला लावून औषधाचा पंप दिला, डॉक्टरांशी फोनवर बोलली. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिली, "ऊदु, मेष्ट्रे. ऊदु."

त्यांचे ओठ गोल झालेले सीतालक्ष्मीला दिसले, आणि तो शब्द आता तिला कन्नडमध्ये ऐकू आला.

"माझ्याच हातांनी केलं गं मी."

"तुमचे हात नाहीत, अम्मा. माझी मराठी. मला मराठी शिकवणारी आजी असती तर माझा कान पिळला असता."

हळूहळू त्यांच्या नखांवरचा निळेपणा गेला. दवाखान्यात न्यावं लागलं नाही. सीतालक्ष्मीनं दिलेली कॉफी वनजा निववून पीत होती, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"दोघीही... नापास."

दुसऱ्या दिवशी सीतालक्ष्मीनं धुपाटणं चिंच लावून घासलं. दिवेलागणीला त्यात निखारा नव्हता. वातींच्या कापसाचा एक पुंजका ठेवून तिनं ते त्यांच्यासमोर धरलं. फुंकरीनं कापूस हलला पाहिजे पण उडता कामा नये, असं वनजानं सांगितलं होतं.

इतकी वर्षं ती देवापुढे काही ना काही मागतच आली होती. आज मागायचं राहून गेलं. कुलदेवतेचं नाव घेता घेता मध्येच वनजाचं नाव आलं, आणि तिनं ते तसंच राहू दिलं.

"ऊद करा हो," ती म्हणाली.

कापूस थरथरला, तिच्या बाजूला कलला, आणि पुन्हा जागेवर बसला.