खाकरण्याची जागा

एम.एस्सी. नर्सिंगला मी प्रवेश घेतला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. उल्हासनगरच्या एका रुग्णालयात अनेक वर्षे नोकरी झाली होती, तरी चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडे. प्रबंधाचा विषय होता पाळी थांबलेल्या स्त्रियांचे आरोग्यशिक्षण आणि त्यांचे जीवनमान. पद्धत ठरलेली होती: आधी प्रश्नावली, मग माहिती, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा.

पालेगावातल्या दहाबारा जणी तयार झाल्या. तोंडी सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून सगळी माहिती मी घरी बसून कॅसेटवर रेकॉर्ड केली. 'रक्तस्राव' हा शब्द येण्यापूर्वी मी हलकेच खाकरले होते. पुसून पुन्हा बोलले, तरी तिथेच खाकरले. शेवटी तसेच राहू दिले. त्यांच्यातल्या सर्वांत वडील मावशींच्या पडवीत टेप लावली. त्यांनी आग्रह केला म्हणून कॅसेट त्यांच्याकडेच ठेवली. ते पद्धतीत बसत नव्हते, पण नाही म्हणणे मला जमले नाही.

दुसऱ्या फेरीला गेले ती उन्हाळ्यातली दुपार होती. भारनियमनामुळे पंखे बंद होते आणि गल्लीत माणूस नव्हते. पहिल्या घरी सर्व उत्तरे अचूक आली आणि मला आनंद झाला. दुसऱ्या घरी तीच उत्तरे त्याच शब्दांत आली. मागच्या खेपेला 'आमचं काय, चाललंय' म्हणून हसणाऱ्या या बायका आता माझ्यामागच्या भिंतीकडे पाहत शुद्ध पुस्तकी भाषेत, खालच्या पट्टीत बोलत होत्या. ती पट्टी माझी होती. तिसऱ्या घरी, त्या एका शब्दापाशी, बाई थांबली, हलकेच खाकरली आणि पुढे बोलू लागली. चौथीही तिथेच खाकरली. पाचवीने तर आधीचा श्वासही माझ्यासारखाच घेतला. झोप शांत लागते, थकवा नाही, त्रास कसलाही नाही, असे घराघरांतून ऐकू येत होते.

मावशींचे घर शेवटचे. मागच्या वेळी दारापर्यंत आलेल्या मावशी गोधडीवरून उठल्या नाहीत. ओठ पांढरे पडले होते.

"पाळी थांबल्यानंतर पुन्हा," त्या खाकरल्या, "रक्तस्राव झाल्यास, तो कितीही थोडा असला तरी, ताबडतोब तपासणी करून घ्यावी."

मी पूर्ण गुण लिहिले. त्रास विचारला, नाही म्हणाल्या. मग मला पाणी द्यायला त्या जराशा सरकल्या आणि गोधडीवरचा ओला, तांबडा डाग दिसला. त्यावर गोधडीचे टोक ओढून त्या पुन्हा भिंतीकडे पाहून हसल्या.

मी कागद पिशवीत घातले आणि कधीपासून, असे विचारले.

"होळीपास्नं," त्या म्हणाल्या. "लिवणार नाय ना?"

नाही म्हटल्यावर त्यांनी सगळे सांगितले. रोज दुपारी त्यांची सून टेप लावी आणि एकेकीकडून पाठ करून घेई. जी खाकरायला विसरे, तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागे.

"या वयात शिकतेस, वर बोलायला लाजतेस. आमी दुखणी सांगत बसलो त तू नापास होशील, बाय. सगल्यांनी मिलून ठरवलं."

ते सर्व कागद मी बाद केले. नंतर घरोघर रिकाम्या हातांनी गेले, तेव्हा बऱ्याच जणींना काही ना काही होते. मावशींची गर्भपिशवी पुढे काढावी लागली. सुदैवाने वेळ गेलेली नव्हती. मात्र मला राहून राहून आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा ओपीडीतला बाक. मावशी माझ्या शेजारी बसून ओठांतल्या ओठांत कॅसेट म्हणत होत्या.

"डॉक्टरीणबाईसमोर पन त्या जागेला खाकरायचं का?" त्यांनी विचारले.

"नाही मावशी. तुमच्या शब्दांत सांगा."

आत गेल्यावर त्यांनी सांगितले, "होळीपास्नं अंगावरून जातंय." मध्ये कुठेही थांबल्या नाहीत. त्यांच्या मागे उभी असलेली मी मात्र, नकळत, खाकरले.