कोंबडी झालेला मोर

चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी पास झालो होतो आणि त्यातल्या एकीत मला ‘ए’ मिळाला होता, ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात माझ्याखेरीज कुणाच्याच लक्षात राहत नव्हती. म्हणून मी ती सगळ्यांना सांगत असे. रेशनच्या रांगेत सांगितली, सलूनमध्ये सांगितली. एकदा दाढ काढून घेताना डॉक्टरांनाही सांगायचा प्रयत्न केला. वडील गिरणीत होते आणि त्यांनी तिथं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पण मला कलावंत व्हायचं होतं, आणि तेही शक्यतो बसल्या जागी.

तशी जागा मिळाली. आमच्या घरामागे चादरींचा एक लहानसा कारखाना होता. मालक विणकर घराण्यातले; घरात तेलुगू बोलत, कारखान्यात मराठी आणि रागावले की दोन्ही. त्यांना चादरीवरची नक्षी काढणारा माणूस हवा होता. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर रंगवायची, मग त्या चौकटींबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवली की भोकाप्रमाणे धागे उचलले जातात आणि खाली कापडात चित्र उतरतं. मालक म्हणाले, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी एक मोर काढ.

कागद त्यांनीच दिला. त्याच्या चौकटी आडव्या, पसरट होत्या. मला वाटलं, छापताना बिघडलेला स्वस्तातला माल असणार. ‘ए’ ग्रेडवाल्यानं असल्या कागदाला हात लावायचा? मी वह्यांच्या दुकानातून छान चौरस चौकटींचा आलेखाचा कागद आणला आणि त्यावर मोर काढला. उंच, डौलदार, मान वर करून जगाकडे तुच्छतेनं बघणारा. थोडक्यात, माझ्यासारखा.

चादर मागावरून उतरली तेव्हा सगळा कारखाना गोळा झाला. मोराची मान खांद्यात रुतली होती, पोट सुटलं होतं आणि पिसारा बुडाखाली गोळा झाला होता. आडवे धागे दाट बसतात, म्हणून तर कागदाच्या चौकटी पसरट असतात. चौरसांवर काढलेलं चित्र कापडावर चेपणारच. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, तरी मी सुताला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं. मालकांनी चादर दोन्ही हातांनी उजेडात धरली.

“कोंबडी लई चांगली काढलास की,” ते म्हणाले.

मग हसू आवरून त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. विणून झालेल्या चादरी जत्रेत खपतील तशा खपवू. तू दुसरा मोर काढ. जमला तर राहा, नाही तर उद्यापासून वडिलांबरोबर गिरणीत जा.

दुसरा मोर मी त्यांच्याच कागदावर काढला. या वेळी तोंड बंद ठेवून काढला, त्यामुळे वेळ बराच वाचला. कागदावर तो जसा दिसत होता तसाच कापडावर उतरला आणि मोर झाला. मालकांनी तो पाहिला, चादरीचा काठ ओढून बघितला आणि निघून गेले. जमला म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी राहिलो की गेलो, हेच मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी कौतुक शोधत जत्रेत गेलो आणि आमच्या चादरींच्या दुकानाशी गिऱ्हाइकासारखा उभा राहिलो.

लोक चादरीचं वजन बघत होते, रंग जातो का विचारत होते. मोराकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. शेवटी मंगळवेढ्याकडची एक बाई आली आणि तिनं दोन्ही चादरी नीट उलगडून पाहिल्या. माझा जीव कानांत आला. तिनं कोंबडी उचलली. मला राहवेना. मी तिला सांगितलं की मावशी, ती बिघडलेली आहे, हा बघा खरा मोर.

“मोर काय अंडी घालतोय व्हय?” ती म्हणाली आणि कोंबडी काखेत मारून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रुसून मागापाशी उभा होतो. मोर विणले जात होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या मानेत मला एक बारीकशी पायरी दिसली. मान वळते तिथं मी एक चौकट जास्त रंगवली होती. हातभर अंतरावरूनही दिसली नसती. पण एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. असला मोर माझा म्हणून कुणाच्या अंगावर जाणार, याची मला खरोखर लाज वाटली. हे सांगायला गेलो तर गिरणी पक्की, हेही दिसत होतं. तरी गेलो.

मालक आले. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मानेवरून अंगठा फिरवला.

“मला तर काय दिसंना. गिऱ्हाइकाला कुटं दिसणार हाय?”

“मला दिसतंय की, मालक.”

जत्रेचे दिवस होते. मागणी एवढी की मालक स्वतः जेवायला घरी जात नव्हते. तरी त्यांनी हात लांब करून दांडा ओढला आणि माग बंद केला.

“जा, पत्ते ठोक नवे,” ते म्हणाले. “आन् पुढच्या महिन्याला हत्ती पायजे, त्येचा इचार कर.”

मी आत जाऊन बसलो. इतका आनंद झाला होता की पहिल्याच पत्त्याची भोकं चुकली. तो फाडून मी दुसरा घेतला. बाहेर बाकीचे माग खडखडत होते आणि एक माझ्यासाठी थांबलेला होता.