इचि, नि, सान

आम्ही बौद्ध झालो, त्या धर्मांतरानंतरच्या वर्षी मी वर्ध्याला कॉलेजात होतो. गावाबाहेर झोपडीत एक जपानी भिक्षू राहत. त्यांच्याकडे मी जपानी शिकायला जायचो. ते मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवत. पुस्तक नव्हतं, त्यांच्याकडचे रिवाज हेच धडे. चपला काढल्या की टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायच्या. घास घेण्याआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणायचं, म्हणजे हे अन्न मी नम्रपणे घेतो. कोणी भेटलं की कमरेतून वाकायचं, माणूस मोठा असेल तर जास्त.

घरी माझे थोरले काका होते. महायुद्धात ते फौजेत होते आणि सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत सापडले. परत आले तेव्हा उजवा कान कामातून गेला होता. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. मी भिक्षूंकडे जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण भिक्षू कुठले, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका सकाळी अंगणात दाढी करताना मी जपानी आकडे घोकत होतो. इचि, नि, सान, शि. ओसरीवर काकांच्या हातून कपबशी पडली. वळून पाहिलं तर ते ताठ उभे होते, हात मांड्यांना चिकटलेले, ओठ हलत होते. मग ते धावून आले. पहिल्याच तडाख्यात मी कोलमडलो आणि वस्तऱ्यानं गाल चिरला. ते लाथा घालत राहिले. आई मधे पडली, तिलाही त्यांनी भिंतीवर ढकललं.

“कोनं शिकवलं तुले हे?”

मी सांगितलं. बैल हाकायची काठी उचलून ते निघाले. गाल दाबत मी मागे पळालो.

भिक्षू विहिरीवर कपडे धूत होते. पाहुणा आलाय असं समजून ते उठले आणि वाकले. त्या वाकण्यानंच काका पेटले. काठी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरी डोक्यावर बसली. मी काकांच्या हाताला लोंबकळलो, तेवढ्यात शेजारच्या वावरातली माणसं आली आणि त्यांनी काठी हिसकावली.

काका मातीत बसले आणि हिंदीत बोलू लागले. कैद्यांना रोज सकाळी ओळीत उभं राहून एकापाठोपाठ एकेकाला जपानीत आपला आकडा म्हणावा लागे. गिरडकडचा त्यांचा एक सोबती सातावर अडखळायचा. एकदा तो पुन्हा अडला, तेव्हा पहारेकऱ्यानं त्याला बंदुकीच्या दस्त्यानं जीव जाईपर्यंत मारलं. बाकीच्यांना मोजणी चालूच ठेवावी लागली. काकांनी आठ म्हटलं होतं.

भिक्षूंच्या कपाळावरून रक्त गळत होतं. ते म्हणाले, “हमारा लोग किया. मैं जानता.”

“जानता है, फिर भी इधर आया?”

“जानता, इसलिए आया.”

काकांनी तोंड फिरवलं.

दवाखान्यातून पोलिसांना खबर गेली. मारलं ते याच माणसानं, असं भिक्षूंनी स्पष्ट सांगितलं, पण फिर्याद दिली नाही. दुसऱ्या दिवशी काका सुटून घरी आले.

“शिकाचं असन तं शीक,” ते मला म्हणाले, “पण ह्या घरात आकडे मनू नको.”

मी शिकत राहिलो. मोडलेल्या खांद्याचा भिक्षूंचा हात पुढे कधी पूर्ण वर गेला नाही. काका त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. रस्त्यात भिक्षू समोरून येताना दिसले, की काका बैलगाडी कडेला घेत आणि ते दूर जाईपर्यंत कासरा ताणून धरत.