गणपाचा खोकला

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायको गेली, तिलाही बोललो नाही. गणपा तिचाच धाकटा भाऊ — तिला काय सांगणार होतो?

खुटबावच्या एका गुऱ्हाळावर मी गुळव्या होतो. उसाचा रस उकळून पाक झाला की काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, ते मी सांगायचं. पापणी लवेपर्यंतचा खेळ. आधी उतरवली तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण पाकाचे बुडबुडे मला वाचता यायचे. शिरूरच्या बाजारात माझी ढेप लोक रंगावरून ओळखायचे.

पंचावन्नी उलटली आन् काहीतरी बिनसलं. ताकद होती तेवढीच, काहिलीला खांदा मी अजून लावायचो. पण बुडबुड्यांकडं बघता बघता मन कुठंतरी भटकून यायचं. वेळ आली हे कळायचं — आणि तोंडातून ‘उतरवा’ निघेपर्यंत ती गेलेली असायची.

गणपा चुलवाणात चिपाडं घालायचा. त्याला न सांगता कळलं. वेळ आली की तो खोकायचा, हळूच. मी लगेच ओरडायचो. दोन हंगाम माझी अब्रू त्या खोकल्यावर चालली.

आभार मानले का? छे. मला त्याचा हेवा वाटायचा. धुरात बसून, नुसत्या वासावर ह्याला कसं कळतं? चिपाडातून विंचू निघाला तर माझं ‘अरे’ म्हणून होईपर्यंत त्यानं तो ठेचलेला असायचा. ते हात बघितले की मला घास गोड लागायचा नाही.

एक दिवस मालक चेष्टेत त्याला म्हणाले, गुळव्याचं काम तुलाही जमेल की. गणपा हसला. “दाजी हायेत तवर न्हाई.”

तवर! म्हणजे मी किती दिवसांचा?

त्याच दुपारी तो खोकला. मी गप्प. तो पुन्हा खोकला. मला माझ्या डोळ्यांनी ठरवायचं होतं — का त्याला खोटं पाडायचं होतं? पाक करपला. आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, गणपानं जाळ जास्त घातला.

मालकांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं बाहेर मला गाठलं तेवढं.

“दाजी, इंजिनाच्या आवाजात माझा खोकला ऐकू आला नसंल, व्हय?”

चरकाला नवं इंजिन बसवलं होतं, ते धडधडत होतं. एवढं होऊनही तो मला वाट काढून देत होता. मी ती घेतली.

“न्हाई आला,” म्हणालो.

पुढं कुठल्याच गुऱ्हाळानं त्याला चुलवाणापुढं बसवलं नाही. शिरूरला पोती उचलण्यात त्याचा जन्म गेला. मी पुढच्या हंगामात गुडघ्याचं निमित्त करून काम सोडलं. लोक अजून म्हणतात, आबांनी मान राखून काम सोडलं.

खोकला ऐकू आला होता. दोन्ही वेळा.